त्सिपा म्हातारीची हंसाची चरबी

व्हर्बिवका गावात यहुद्यांची सातच घरं. त्सिपा म्हातारीचा कुणावरच भरवसा नाही, एवढ्यावर मात्र सातांचं एकमत. म्हणून तर वल्हांडण सणाची चरबी तिच्या माळ्यावर राहायची. हिवाळ्यात हंस कापले की सगळ्यांची चरबी एकत्र कढवायची, मडक्यात भरायची, ती थेट सणाला उघडायची. सणात खमीर चालत नाही. पावाचा कण जरी मडक्यात गेला, तरी सातही घरांची ताटं कोरडी.

म्हातारी संशयाची खाण. नवरा मेला तेव्हा त्याच्या नाकाशी पीस धरून बराच वेळ बसली होती. म्हणाली, "लाकडं फोडायची राहिलीत. सोंग आणलं आसंल."

सण तोंडावर आला आणि मडक्याच्या फडक्याची गाठ तिला परकी दिसली. सोडून बघते तर गोठलेल्या चरबीत खळगा.

पहिली नजर गेली नोसन मोच्याच्या बायकोवर. लई गुटगुटीत झाली होती. मग शेजारच्या ख्रिस्ती ओरिनावर. म्हातारी कुंपणाशी उभी राहून तिच्या चुलीचा वास घेऊ लागली. ओरिनाच बाहेर आली.

"त्सिपाआजी, तुमच्या सुनेनं छातीला चोळाय चरबी दिली अन् माझं पोरगं वाचलं बघा!"

म्हातारी तशीच माघारी वळली. सून हिंदा चुलीपाशी होती.

"कशानं काढलीस गं?"

"बोटानं, आत्याबाई. पोरगं निळं पडलं हुतं."

"बोट धुतलं हुतंस?"

हिंदानं हात पाठीमागं नेला.

"त्याआधी काय करत हुतीस?"

"पावाची कणीक मळत हुते."

 म्हातारीनं मडकं उचललं आणि ओरिनाच्या दारात नेऊन ठेवलं; तिला खमीर चालत होतं. प्रार्थनाघरापाशी जाऊन जमलेल्यांना सांगितलं, "चरबी बाटली. माझ्याच हातानं."

"तुझ्या?" नोसन फिस्कारला. "मडकं ओरिनाकडं जाताना बघितलंय मी. इकलीस म्हण की!"

बायका थुंकल्या. सणाची चरबी पुढच्या सालापासून नोसनच्या घरी ठेवायचं ठरलं.

"मी सांगते खरं काय ते," घरी आल्यावर हिंदा रडत म्हणाली.

"गप ऱ्हा. मला अजून दोन-चार सालं काढायचीत. तुला सारा जलम काढायचाय हितं."

माळ्यावर आता जाळ्यांखेरीज काही नव्हतं. तरी त्या दिवसापासून माळ्याची शिडी म्हातारी आपल्या खाटेखाली घेऊन निजायची.