बक्षिसाचं भाषण

आष्टी तालुक्यातल्या एका गावात मी नववी-दहावीला मराठी शिकवायचे. एका पंधरा ऑगस्टला आम्ही वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय मीच काढला होता : माणसाला सज्ञान कधी म्हणावं? अठराच्या बाजूने बोलायला पुष्कळ मुलं तयार झाली. विरुद्ध बाजू कुणी घेईना, म्हणून ती मी नववीतल्या सगळ्यात धीट मुलीला दिली. भाषण अर्धं तिनं लिहिलं, अर्धं मी.

ती पंधराची होती. आईबाप दसरा झाला की ऊस तोडायला कर्नाटकात जायचे, ते गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचे. तेवढे महिने धाकटी दोन भावंडं आणि शेळ्या तिच्यावर. माइकपुढे तिनं तेच सांगितलं. "भाकरी मी थापते, भावाला ताप आला तर दवाखान्यात मी नेते. मग मी लहान कशी?"

टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. मी तिच्या बापाकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत नव्हता. शेजारचा पाहुणा त्याच्या कानाला लागला होता आणि दोघंही तिच्याकडे एकटक बघत होते.

चार दिवसांनी बाप शाळेत आला. दाखल्यावरची जन्मतारीख बदलता येते का, म्हणून विचारत होता. कशासाठी म्हटल्यावर "सहज इचारलं" म्हणाला आणि निघून गेला. त्या आठवड्यात मुलगी वर्गात एकदाही बोलली नाही. शेवटी तिच्या मैत्रिणीनं मला सांगितलं, सोयरीक झालीय. मुलगा ऊसतोडीला जातो. तिथं नवराबायकोची जोडी लागते, एकट्याला मुकादम सहसा घेत नाही.

मी तिच्या घरी गेले. अंगण ताजं सारवलेलं होतं, मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या.

"बाई, तुमीच तर शिकवलं तिला," बाप शांतपणे म्हणाला. "समद्या गावापुढं म्हणली, मी लहान न्हाई. आता कावून आडवं येता?"

"ते भाषण होतं."

"मग खोटं होतं का?"

मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्याबरोबर मी मदत क्रमांकावर फोन केला. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आणि दोन पोलीस आले. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं बापानं लिहून दिलं. मेढी उपटल्या. मला वाटलं, सुटली पोरगी. जाताना त्यानं मला हात जोडले. "गावं लई हायत, बाई," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घराला कुलूप होतं.

पाडव्यानंतर ती मला भेटायला शाळेत आली. गळ्यात काळे मणी होते. हात मनगटापासून कोपरापर्यंत उसाच्या पाल्यानं चिरलेले. दहावीला बाहेरून बस, फॉर्म मी भरते, असं मी घाईघाईनं सांगत सुटले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"दसऱ्याच्या आसपास बाळंतपण हाय," ती म्हणाली. "मंग लगेच उसाला जायचं."

बाहेर मोटारसायकलचा हॉर्न वाजला. दुसऱ्यांदा वाजायच्या आत ती पायऱ्या उतरून गेली होती.