मागल्या दारचा अप्पा

माझ्या थोरल्या भावाशी, अप्पाशी, माझं शेवटचं बोलणं झालं ते बंद दारातून. तो मागल्या दाराला लागूनच फणसाखाली खुर्ची टाकून बसलेला, आणि मी, वहिनी आणि पुतण्या सुहास आत टीव्हीसमोर. अंतिम सामना चालू होता. भर दुपार होती. अप्पाला जाऊन आता दीड महिना झाला, तरी त्या दाराकडे बघायचं मी टाळतो.

अप्पा रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचा. ग्रहणात मुद्दाम जेवणारा माणूस! सकाळी पेपर संपला की चहाबरोबर त्याचे निकाल सुरू व्हायचे. हायवेची बातमी आली की म्हणायचा, "हा रस्ता पुरा होईल तेव्हा मुंबईकरांना गावचा पत्ता आठवत नसेल." वहिनीच्या मालिकेवर त्याचा एकच आक्षेप होता, "ही बाई भरजरी नेसून भात करत्ये, हिच्याकडे फोडणी उडत नाही काय?" सुहासचं लग्न जमेना तेव्हा म्हणाला, "मुली कसल्या बघताय, आधी ह्याला नीट बघा." सुहास दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता.

पण क्रिकेट आलं की त्याचा सगळा भूगोल गुंडाळला जायचा. फार वर्षांपूर्वी एका हरत आलेल्या सामन्यात तो वैतागून कोकमांसाठी रातांबे फोडायला मागल्या दारी गेला आणि आपण जिंकलो. तेव्हापासून घरात कायदाच झाला. महत्त्वाचा सामना असला की अप्पाने बाहेर बसायचं आणि दार लावून घ्यायचं. स्कोअर विचारायचा नाही. विकेट मिळाली की आम्ही आतून "गेला!" म्हणून ओरडायचं आणि त्याने पोच म्हणून दारावर दोनदा काठी आपटायची... ठक ठक. आम्ही त्याची थट्टा करायचो खरी, पण दार मात्र न चुकता लावायचो.

त्या दिवशी आपली गोलंदाजी सुरू झाली आणि पहिल्या दोन विकेट लवकर पडल्या. मग दारापाशी अप्पाचा आवाज आला.

"आत येऊ काय रे? बसवत नाही जरा."

"आता नको हां अप्पा! बॉलिंगवाल्या पोराने दोन विकेट काढल्यान. तू आलास की घालवशील."

"बरं," तो म्हणाला.

त्यानंतर आठ विकेट पडल्या. आठही वेळा काठी वाजली. शेवटची पडून जिंकलो तेव्हाही वाजली, आणि सुहास हसून म्हणाला, "बाबा खूश!" वहिनी चहा घेऊन गेली. कपबशी पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावलो. अप्पा खुर्चीत मान टाकून बसला होता. हात गार पडलेला. काठी चार पावलांवर फणसाच्या बुंध्याला टेकून ठेवलेली होती.

शेजारचे डॉक्टर म्हणाले, दोन तास तरी झाले असावेत. मी काठीचं सांगितलं. ते म्हणाले, "झावळ आपटत असेल वाऱ्याने." आमच्या मागल्या दारी माड नाही.

सुतक फिटलं तरी हिशोब सुटेना. ती ठकठक अप्पाची असेल, तर तो सामना संपेस्तोवर होता आणि खुशीत गेला. डॉक्टर खरे असतील, तर माझं "नको" ऐकून तो परत खुर्चीत बसला आणि तसाच... मी त्याला आत घेतलं नाही, एवढं मात्र खरं.

गेल्या रविवारी पुन्हा सामना होता. टीव्ही लावू नये असंच मला वाटत होतं, पण वहिनीनेच लावला. आपली फलंदाजी चांगली रंगली होती. कोणी ओरडत नव्हतं. आणि दारावर वाजलं. दोनदाच.

तिघांनीही ऐकलं. मी उठून कडी काढली. बाहेर कोणी नव्हतं. खुर्चीवर फणसाची पानं पडली होती, वारा अगदी बंद. मी म्हणालो, "ये अप्पा. आत ये." दार उघडंच ठेवून मी परत आलो. वहिनी कोचावर जरा सरकून बसली होती.

पुढच्याच षटकात जमलेला फलंदाज बाद झाला. मग दुसरा. मग लागोपाठ दोघं. सुहास कावराबावरा होऊन दार लावायला उठला.

वहिनीने त्याचा हात धरला. "राहू दे," ती म्हणाली, "बघू देत त्यांना."