आक्काताई कांबळेंचं सुकं

आमच्या नेसरीची आक्काताई कांबळे दारूच्या थेंबाला कधी शिवली नाही. पण कोल्हापूरच्या शाहूपुरीतला एकेक बार तिने आतून पाहिला होता. तोही दिवसाउजेडी, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असताना. का, ते सांगतो. सावकाश सांगतो, कारण तिचा रागही सावकाशच शिजला.

एक्याण्णव साली ती केरबाच्या परमिट रूममध्ये स्वयंपाकाला लागली. मागच्या बोळातून आत यायचं, चुलीपुढे उभं राहायचं, बोळातूनच परत जायचं. तिच्या हातचं सुकं मटण काय सांगू! खोबरं ती इतकं संथ भाजायची की बोळातली कुत्री भुंकायचं विसरत. बाहेर टेबलावर कुणी विचारलं, "केरबाशेठ, करतंय कोण हे?" तर केरबा मिशीवरून हात फिरवत म्हणे, "आमच्या आईच्या हातचा मसाला हाय, पावणं." त्याच्या आईला चहा धड जमत नव्हता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.

चौऱ्याण्णव साली एका संध्याकाळी एक वजनदार गिऱ्हाईक खूश होऊन थेट स्वयंपाकघरात शिरलं. "बाई, नाव काय तुमचं?"

आक्काताईने पदराला हात पुसले आणि पूर्ण नाव सांगितलं. लपवायचं काय त्यात? आडनाव ऐकून तो माणूस मागे सरला. टेबलाशी गेला, ताटली लांब सारली आणि निघून गेला.

केरबा आत आला. चुलीवरचं भरलं पातेलं फडक्याने धरून त्याने बोळात नेलं, गटारात पालथं केलं आणि वर दगडावर आपटलं. पातेलं आक्काताईचं स्वतःचं, माहेरहून आणलेलं.

"भांडी घासायची तर ऱ्हा," तो म्हणाला. "चुलीला हात लावायचा न्हाय."

सुकं वाफाळत गटारातून वाहत गेलं. आक्काताईने पोचा पडलेलं पातेलं उचललं, काखेत धरलं. "केरबा, माझं नाव घिऊन खाशील," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती बार पाहत फिरू लागली. एकीकडे काचेच्या पेटीत मासे, एकीकडे भर दुपारी निळा दिवा, एकीकडे भिंतभर धबधब्याचं चित्र. चकणा मात्र सगळीकडे तोच, सादळलेले शेंगदाणे आणि काकडीच्या चार फोडी. ती चाखायची आणि मालकापुढे एकच अट ठेवायची, बोर्डावर माझं नाव पाहिजे, आडनावासकट. कुणी हसायचं. कुणी म्हणायचं, "सुकं करा की, नाव कशाला?" ती उठायची. घरी डबे करून तिने पोट भरलं, पण नवा बार उघडला की पुन्हा जायची. अशी सहा वर्षं गेली.

मग नेमका केरबाच्या समोरच एक बार निघाला. मालक जोतीराम, एसटीतला जुना ड्रायव्हर. अट ऐकून म्हणाला, "बोर्डावर? आवं, माझंच नाव न्हाय बोर्डावर. बायकोचं हाय. तिच्या खाली जागा हाय बगा, तुमचं लावूया."

लागलं. केरबाला त्याच्या गल्ल्यावर बसून वाचता येईल एवढ्या अक्षरात. मागणीही पूर्ण नावानेच करायची, हा आक्काताईचा नेम. "आक्काताई कांबळेंचं सुकं दोन!" ही आरोळी रस्ता ओलांडून केरबाच्या दारात जायची. त्याची टेबलं ओस पडत गेली. उरली ती गिऱ्हाइकं त्याच्याकडे पीत, आणि सुकं समोरचं मागत. त्याने म्हाताऱ्या वेटरला, ज्ञानूला, सुकं आणायला धाडलं.

"ज्ञानूदा, तू भला माणूस," आक्काताई म्हणाली. "पर पातेलं तू पालथं केलं न्हाईस. ज्यानं केलं त्याला धाड."

केरबा दोन वर्षं अडून राहिला. तीन आचारी बदलले. शेवटी एका संध्याकाळी त्याचं उरलंसुरलं टेबल उठायला लागलं, तेव्हा रस्ता ओलांडून आला. मी जोतीरामच्या बारात कोपऱ्यात बसलो होतो.

"एक सुकं," तो म्हणाला.

"कुणाचं?" आक्काताईने विचारलं.

"तुमचं."

"मला नाव न्हाय व्हय?"

"आक्काताईंचं."

"आक्काताया कोल्हापुरात पन्नास असतील."

तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला. जोतीराम गल्ल्यावरून म्हणाला, "केरबाशेठ, आमच्यात आरोळी द्यायची पद्धत हाय."

केरबाने मागे पाहिलं. त्याची गिऱ्हाइकं त्याच्याच दारात उभी होती. "आक्काताई कांबळेंचं सुकं एक!" तो ओरडला. आवाज मधेच फाटला.

आक्काताईने पोचा पडलेल्या त्याच पातेल्यातून ताटली भरली. "आदी खावा."

तो उभ्यानेच जेवला. डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं की कशाचं, कुणी विचारलं नाही. ताटली ठेवून म्हणाला, "लई वर्षं झाली. मिटवूया आता."

आक्काताईने पातेल्याच्या पोच्यावरून बोट फिरवलं. "दारावरनं किती कल्हईवाले गेले. ह्यो पोचा मी काढून घेतला न्हाय. तुमच्यासाठी का काढू?"

मग दुसरी ताटली भरून त्याच्या हातात दिली. "न्या, गिऱ्हाइकं थांबल्यात. आन् उद्या ज्ञानूला धाडू नका. तुमीच या. आवाज मोठा काढा."