तांब्याच्या कळशीतलं पाणी

मीठ किती घालायचं, लाईट किती वेळ ठेवायची, पंप कुठला घ्यायचा, सगळं शिकवलंत तुमी. पण खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीला तांबं चालत नाय, हे या ग्रुपवर एकानंसुद्धा मला सांगितलं नाय.

बहीण आजारी म्हणून मी आठवडाभर पोशीरला होते. टाकी माझी छोटीच, दोन घागरींची. थोरल्या जावेला सांगून गेले, पाणी आटलं की कॅनमधलं फिल्टरचं पाणी घाल. कॅन संपला. मग तिनं रोज तांब्याच्या कळशीतलं घातलं.

आज सकाळी आले तर कोळंबी आडवी पडलेली. मी पाण्यात बोट घातलं की वर चढून नख साफ करायची ती. कोरलची, म्हणजे प्रवाळाची, फुलं मुठीसारखी मिटलेली. नारिंगी मासा तेवढा एकटा फिरतोय.

दुकानदाराला फोन केला तेव्हा कळलं की तांब्यानं कोळंबी मरते, कोरलपण मरतं.

मी जावेवर ओरडणारच होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "अगं सुमे, साधं पाणी कसं घालू? घरातल्यांना देते तेच दिलं. तू नव्हतीस ना, म्हणून रुसली असतील गं."

तांब्याचं तिला अजून सांगितलेलं नाय. सारखी येऊन विचारते, "उघडली का गं फुलं?"

पाणी बदललं तर कोरल वाचेल का, का टाकीतल्या दगडातपण तांबं मुरलंय? काय ते शनवारपर्यंत स्पष्ट सांगा. रविवारी ती माहेरी चाललीय, आणि फुलं उघडली का, हे मला विचारल्याशिवाय घराबाहेर पडायची नाय.