अण्णांचे लॉब आणि माझा डावा हात

आमच्या अण्णांनी आयुष्यात एकही चेंडू जोरात मारलेला नाही. अण्णा म्हणजे माझे साडू. बायकोच्या मोठ्या बहिणीचे, शैलाताईंचे यजमान. सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. काही अंगावर आलं की वर पाठवायचं, एवढं तिथे शिकले आणि निवृत्त झाल्यावर तेच टेनिसमध्ये सुरू केलं! तुम्ही कितीही जीव खाऊन मारा, अण्णा रॅकेट पळीसारखी पुढे करतात आणि चेंडू माडाच्या शेंड्याएवढा वर जातो. यालाच टेनिसात लॉब म्हणतात. तो तुमच्या डोक्यावरून मागच्या रेषेवर पडेपर्यंत अण्णांचा घाम पुसून होतो. शैलाताईंचंही तेच. रत्नागिरीतल्या आमच्या चिमुकल्या क्लबाचा नवरा-बायकोंच्या दुहेरीचा कप सलग चार वर्षं त्यांच्या शोकेसमध्ये होता. गणपतीला त्यांच्याकडे गेलं की आधी कपाचं दर्शन, मग बाप्पाचं!

मागच्या पाडव्याला माझ्या बायकोने, नीलूने, श्रीखंडाची वाटी माझ्यापुढे आपटली.

"यंदा ताईला हरवायचं."

"हरवू की."

"हरवू की नाही! हरलो तर पुढच्या वर्षी मी पार्टनर बदलणार, क्लबाला नियम बदलायला लावून!"

मी हसलो. ती हसली नाही. (ती हसली नाही म्हणजे ते घडणार, हे बावीस वर्षांत मला कळलंय.) खरं सांगतो, टेनिस मला फारसं येत नाही. पण रोज संध्याकाळी तासभर ती माझ्या शेजारी उभी राहून माझ्यावर ओरडते, ते मला फार आवडतं. आता ती दुसऱ्या कुणावर ओरडणार? छे, छे! मीही चंग बांधला.

नीलूने मोबाइलवर रात्रंदिवस व्हिडिओ बघितले आणि फ्रीजवर कागद चिकटवला. नेटला चिकटायचं नाही, दोन पावलं मागे राहायचं. लॉब उडाला की अंग तिरकं, मान वर, डावा हात चेंडूच्या दिशेने, आणि मग उजव्याने वरून खाली धाडकन स्मॅश. दोघांत कोण घेणार ते ओरडून सांगायचं. आणि बाहेर जाणारा चेंडू सोडायचा! याच्याखाली लाल रेघ, तीही दोनदा.

दुसऱ्या दिवसापासून ती गच्चीवर, मी अंगणात. ती वरून चेंडू टाकायची, मी खालून स्मॅश मारायचो. पहिला शेजारच्यांच्या गोठ्यात गेला, दुसरा तुळशीला लागला, तिसरा मला.

"मागे सरका हो!" असं ओरडताना ती स्वतःच मागे सरकली, ती थेट पहिल्या आंब्यांच्या, वाळत घातलेल्या आंबापोळीत!

"अगं, पोळी!"

"पोळी मरू दे! मान वर!"

एक पाय केशरी झालेला, तशीच ती चेंडू टाकत राहिली. त्या ताटातल्या आंबापोळीवर तिच्या टाचेचा ठसा कायमचा उमटला. पाहुण्यांना आम्ही कडेची वाढली.

एवढ्यात आमच्या हापूसच्या बागेत तोडणीला जोर चढला. आंबा झेल्याने उतरवतात. लांब काठी, टोकाला पातं आणि जाळी. पण एखादा आंबा जाळीतून निसटतोच, आणि जमिनीवर आपटलेला आंबा पेटीत जात नाही, तो आतून नासतो. म्हणून झाडाखाली एक माणूस उभा करतात, आंबा झेलायला आणि सालीवर चीक ओघळून डाग पडू नये म्हणून देठ खाली करून उपडा ठेवायला. तो मी! गुडघ्यामुळे झाडावर चढणं माझ्या नशिबात नाही. पण उजव्या हातात टोपली धरून डाव्याने निसटता आंबा झेलण्यात आमच्या वाडीत माझा हात धरणारा कुणी नाही. (कौतुक करून घेण्यासारखी माझ्यात ही एकच गोष्ट आहे, म्हणून सांगतोय.)

नीलू बागेत डबा घेऊन आली आणि बघतच राहिली.

"अहो, हाच की सराव! आंबा निसटला की तिरके व्हा, मान वर, डावा हात वर!"

"आणि स्मॅश?"

"स्मॅश मनातल्या मनात मारा!"

मग काय, महिनाभर मी तेच केलं. तिरका, मान वर, डावा हात, झेल, मनात स्मॅश. झाडावरून आंबे काढणारा महादू सुरुवातीला गप्प होता. चौथ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"भाऊ, उन्हात उभे राहता, डोक्यावर टोपी घाला."

त्या मोसमात माझ्या हातून एकही आंबा पडला नाही. मी निर्धास्त होतो.

मेअखेरीस अंतिम सामना लागला. समोर अर्थातच अण्णा आणि शैलाताई. आमच्या कोर्टाच्या मागे गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची बुटकी भिंत, आणि पलीकडे शेजाऱ्यांची विहीर; उंच चेंडू वाऱ्यावर गेला की विहिरीत बुडतो. अण्णांनी नेहमीप्रमाणे आभाळाकडे कामकाज पाठवायला सुरुवात केली. पण यंदा आम्ही पाठ करून आलो होतो!

"माझा!" नीलू ओरडायची आणि धाडकन मारायची.

"तुमचा!" ओरडायची आणि मी मारायचो. चक्क कोर्टात पडायचा!

अण्णांनी पहिल्यांदाच भुवया उंचावल्या. "अरे दिगंबर, तू काय खाऊन आलायस?"

"आंबे!"

शैलाताईंनी ओठ आवळले आणि लॉब आणखी वर पाठवायला लागल्या. आम्ही एक घेतला की त्या एक घ्यायच्या. असं करत करत अगदी बरोबरी झाली. आमच्या क्लबाचा नियम असा की मग एकच गुण खेळायचा. जो घेईल, कप त्याचा. नीलू माझ्याजवळ आली. कपाळावर घाम, नाक लाल.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मस्त खेळताय तुम्ही."

बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला भरूनच आलं.

शेवटचा गुण सुरू झाला. दहा-बारा फटके झाले असतील. नीलूने एक सणसणीत चेंडू थेट अण्णांच्या पायाशी मारला. अण्णा दचकले, रॅकेट कशीबशी लागली आणि चेंडू उडाला. नेहमीपेक्षा उंच, नेहमीपेक्षा लांब. समुद्राकडून वारा सुटला होता, त्यानेही हात लावला. चेंडू बाहेर जात होता! नुसता बाहेर नाही, दोन हात बाहेर! पंचांना दिसत होतं, अण्णांना दिसत होतं, गडग्यावर बसलेल्या सगळ्यांना दिसत होतं.

"सोडा!" नीलू किंचाळली. "सोडा, सोडा, सोडा!"

मी तिरका झालो. मान वर. पावलं धावली, रेषेच्याही मागे. डावा हात वर गेला, आणि चेंडू अलगद तळहातात आला. अहाहा! काय झेल होता! जमिनीला शिवू दिला नाही.

अख्खं कोर्ट माझ्याकडे बघत होतं. मला वाटलं, सगळे थक्क झाले. मी चेंडू फिरवून बघितला. देठ सापडेना. तरीही सवयीने मी खाली वाकलो आणि तो हलक्या हाताने, चीक कुठे लागू नये अशा बेताने, जमिनीवर उपडा ठेवला.

टप्पा पडायच्या आत चेंडू धरला की गुण समोरच्याला. मग तो बाहेर का जात असेना. पंचांनी हे फार हळू आवाजात सांगितलं, घरात कुणी गेल्यावर सांगतात तसं.

नीलू ओरडली नाही. नुसती बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला खरंच फार वाईट वाटलं. तेवढ्यात शैलाताई नेट ओलांडून आल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला.

"नीलू, पुढच्या वर्षी तू माझ्याबरोबर खेळ गो. पाच वर्षं ह्यांच्याबरोबर आभाळाकडे बघून माझी मान गेली!"

नीलू हसली. दोघी बहिणी हसल्या. आणि क्लबाने यंदा नवरा-बायकोंची अटच काढून टाकली.

आता रोज संध्याकाळी दोघी सराव करतात. अण्णा समोरून लॉब उडवतात, कारण त्यांना दुसरं काही येत नाही. नीलू ताईवर ओरडते. आणि मी गडग्यावर, विहिरीकडे पाठ करून, झेला घेऊन उभा असतो. या मोसमात एकही चेंडू विहिरीत पडलेला नाही. एकालाही डाग नाही!