राखेतल्या आठळ्या

राजमतीआक्काचं कौतुक करणारी माणसं निपाणीपासून कोगनोळीपर्यंत पैशाला पासरी मिळतील. पण तिच्याजवळ बसून काही शिकलेलं माणूस एकही मिळायचं नाही.

आजूबाजूला बघावं तिकडं ऊस, नाहीतर तंबाखू. मध्येच आक्काच्या बांधावर रान उभं. शेवगा, हादगा, कवठ, रामफळ, जांभूळ, त्यांच्या बुडाला मायाळूचे वेल. सगळं बियापासनं उगवलेलं. नर्सरीतल्या कलमाला ती ‘उसनं पोर’ म्हणायची. शेंगा न्या, पाला न्या, मागितलं तर तयार रोपही न्या, कधी नाही म्हणाली नाही. फक्त हे कसं केलं म्हणून विचारायचं नाही.

सून प्रियदर्शनी नवी होती तेव्हा शेजारी उकिडवी बसायची.

“आत्ती, चिंचोका दगडावर घासता तसं ह्या बियाला पण घासू व्हय?”

“तू भाकऱ्या बघ जा. तुझ्या हाताला यायचं न्हाय त्ये.”

असं चार-पाचदा झालं आणि मग सुनेनं विचारायचं सोडलं. आक्का मनानं वाईट नव्हती. पण किल्ल्या आधी सासूकडं होत्या, नवरा गेल्यावर दिरांकडं गेल्या, पुढं लेकाकडं. शेतही तसंच या हातातून त्या हातात गेलं. बियांचं हे ज्ञान एवढं एकच तिचं होतं, आणि तेही वाटून टाकलं तर मग उरलं काय?

बांधावरच्या त्या रानात मधोमध फणस. आक्काचं माहेर खानापूरकडं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आईनं ओल्या शेवाळात गुंडाळून परसातल्या फणसाच्या तीन आठळ्या दिल्या होत्या. “ह्येला वाळू देऊ नको गं. पाणी तुटलं की जीव तुटतोय ह्येचा.” तीनातली एक जगली. माहेरचा फणस पुढं वाऱ्यानं पडला, भावांनी घर विकलं. आईकडचं म्हणावं असं हे एक झाड राहिलं.

आणि नेमकं तेच लेकाच्या, जिनेंद्रच्या, डोळ्यात सलायला लागलं.

“आई, ऊसतोडीचं मशीन वळत न्हाय तिथं. टोळी मिळत न्हाय, आणि मशीनवाला झाड बघून परत जातोय. सावलीत उसाच्या चार सऱ्या खुरटल्यात त्या येगळ्याच.”

“मग मला पण तोड आणि मशीन वळीव.”

“तसं कशाला बोलतीस? हिरीजवळ जागा देतो. ह्याच फणसाच्या आठळ्या लाव. रोपं उगवली की मग बघू.”

आक्का तयार झाली. दुसरं काय करणार? यंदाची फळं पिकायची वाट बघत बसली. तेवढ्यात मोतीबिंदू इतका वाढला की बेळगावला ऑपरेशन करावं लागलं, आणि ती शहापुरात लेकीकडं, रूपालीकडं, राहिली. इकडं फणस पिकले.

प्रियदर्शनीनं फोन केला. “आत्ती, आठळ्या कशा ठेवू?”

“बी कसं ठेवायचं त्ये पण मीच सांगू व्हय? जपून ठेव. आठ दिसांत येतो मी.”

ऑपरेशनच्या डोळ्यात पाणी धरलं. वाकायचं नाही, मातीत हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि आठ दिवसांचा महिना झाला. आक्काचा जीव खालीवर होई. पण पावसाळी हवेत कोपऱ्यात टाकलेल्या आठळीलाही मोड येतो, हे तिनं आयुष्यभर बघितलेलं. फोनवर विचारायची, “आठळ्या हाईत न्हवं?” सून म्हणायची, “झकास हाईत.” कशात ठेवल्यात, हे आक्कानं विचारलं नाही आणि सुनेनं सांगितलं नाही.

बी घरात आहे म्हटल्यावर जिनेंद्रलाही धीर धरवेना. पावसानं रान चिघळायच्या आत ट्रॅक्टर बांधापर्यंत जायला पाहिजे होता. जैनाच्या घरात हिरव्या झाडाला हात लावायचा म्हणजे पाप, म्हणून त्यानं लाकूडवाल्याला सांगितलं. लाकूडवाला नेमका चतुर्दशीला येतो म्हणाला, तसा जिनेंद्रनं कानाला हात लावला. “छे छे! चतुर्दशीला आमच्यात कोथिंबिरीची काडी पण मोडत न्हाईत. दुसऱ्या दिशी या.”

दुसऱ्या दिवशी फणस पडला.

आक्का काळा चष्मा लावून परत आली ती आधी बांधावर गेली. बुंध्यावर चीक साकळला होता, माश्या बसल्या होत्या. रडली नाही. घरी येऊन म्हणाली, “आठळ्या आण.”

प्रियदर्शनीनं पत्र्याचा डबा आणला. तो खुळखुळला, तेव्हाच आक्काचा चेहरा उतरला.

“धुतल्या, राख चोळली, गच्चीवर खणखणीत वाळवल्या,” सून हौसेनं सांगत होती. “माझ्या माहेरात तंबाखूचं बी असंच ठेवत्यात. एकीला कीड न्हाय, बघा तरी.”

आक्कानं एक दाताखाली धरली. टच्चकन तुकडा पडला.

“मारलीस गं सगळी.”

“म्हंजे?”

“फणसाचं बी वाळवत न्हाईत. ओलं असतंय तवरच जितं असतंय.”

सुनेच्या डोळ्यात पाणी आलं, पण आवाज चढला. “एकदा सांगायचं तरी हुतं की, आत्ती! किती येळा विचारलं म्या.”

 आक्कानं ओंजळभर आठळ्या भिजवल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या, रोज उघडून बघितल्या. मोड नाही. शेवटी वास सुटला, बुळबुळीत झाल्या, उकिरड्यावर गेल्या.

पुढच्या चतुर्दशीला घरात हिरवी भाजी करायची नव्हती. प्रियदर्शनी डाळ निवडत होती. आक्कानं डबा तिच्यापुढं सरकवला.

“ह्या शिजव. चालतंय आज. जीव न्हाय त्यात.”

दिवस मावळायच्या आत ताटं झाली. जिनेंद्रनं आमटी भुरकली. “वा! लई दिसांनी आठळ्या खाल्ल्या. अजून हाईत व्हय गं?”

“न्हाईत,” आक्का म्हणाली. “संपल्या. खा पोटभर.”

त्याचा घास तोंडाशी थांबला. मग त्यानं मान खाली घालून ताट संपवलं. अन्न टाकायची त्या घरात रीत नव्हती.

मागल्या दारी प्रियदर्शनी डबा घासत होती. आक्का उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली.  मग म्हणाली, “जांभळं पडाय लागल्यात. त्येचं बी पण वाळवून चालत न्हाय. सकाळी बसतीस का जवळ? सांगतो सगळं.”

सुनेनं डब्यातली राख पाण्याबरोबर ओतून दिली. वर बघितलं नाही.

“सकाळी मला भाकऱ्या असत्यात, आत्ती.”

आता त्या डब्यात तूरडाळ असते.