काडेचिराइताची बिअर आणि अप्पांचं व्याख्यान

माझे सासरे अप्पा यांनी आयुष्यात दारूचा थेंबही घेतला नाही, हे विधान चुकीचं आहे.

हे मी आत्ता सांगतोय, कारण अप्पांच्या जन्मशताब्दीनिमित्त माझा मेहुणा एक स्मरणिका काढतो आहे आणि हे वाक्य तो पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापणार आहे. माझं वय आता ऐंशीच्या पुढे गेलं. हल्ली स्वप्नात अप्पा येतात आणि "जावईबापू, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," असं म्हणून निघून जातात. त्यानंतर मला झोप येत नाही. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो. अप्पा निर्दोष होते. दोष माझा, कारखानीसचा आणि थोडासा मेथीचा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही वाशीला राहायला आलो. खाडीपूल ओलांडला की जग संपतं, अशी तेव्हा मुंबईकरांची समजूत होती. आमच्याकडे जेवायला येणारे पाहुणे मुक्कामाच्या तयारीने येत. (एक आत्या तर टॉर्च घेऊन आली होती!) संध्याकाळची करमणूक म्हणजे समोरच्या इमारतीचं बांधकाम किती वर आलं ते गॅलरीतून पाहणं. अशा जागी माणसाच्या डोक्यात काहीही येऊ शकतं. आमच्या डोक्यात बिअर आली.

मी आणि कारखानीस तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. कारखानीस कंपनीतर्फे एकदा जर्मनीला जाऊन आला होता आणि तेव्हापासून त्याला इथलं काहीच आवडत नसे. "बाटलीतली बिअर म्हणजे साबणाचं पाणी रे," तो म्हणायचा. "तिकडे प्रत्येक गावाची वेगळी बिअर. आपण घरी करू. केमिस्ट आहोत आपण!"

घरी बिअर करणं कायद्यात बसत नव्हतं, हे आम्हांला माहीत होतं. म्हणून ती आम्ही माझ्या घरी केली. कारखानीसच्या घरी त्याची आई होती.

बिअरसाठी जवाला मोड आणावे लागतात. मोड कसे आणायचे हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. मी जव भिजवून, फडक्यात घट्ट बांधून, मटकीसारखे टांगून ठेवले. पहिल्या खेपेची माझ्या बायकोने, सुनंदाने, कांदा-खोबरं घालून उसळ केली. ती दोन दिवस पुरली. म्हणजे कोणी खाल्ली नाही. दुसरी खेप मी गॅलरीत वाळवली, तव्यावर भाजली, भरडली आणि उकळली. कडवटपणासाठी तिकडे एका वेलीची फुलं घालतात म्हणे. ती वाशीत कुठून मिळणार? मी तीन पातेली केली. एकात काडेचिराईत, दुसऱ्यात मेथी, तिसऱ्यात संत्र्याच्या साली. मिश्रण आंबवायला ताजी ताडी आणली ती आमच्या खात्यातल्या म्हात्रेने. तो जुई गावचा. आज तिथे जुईनगर आहे. तेव्हा मिठागरं होती.

"साहेब, ताडी चांगली हाय," म्हात्रे म्हणाला. "नुसती पिऊन टाकू ना. यात कशाला घालता?"

"हे शास्त्र आहे, म्हात्रे," कारखानीस म्हणाला.

सगळं सरबताच्या जुन्या बाटल्यांत भरलं, बुचं तारेनं बांधली आणि चाखण्यासाठी रविवारची दुपार ठरली. सुनंदाची एकच अट होती. "अप्पा सोमवारी सकाळी येतायत. त्याच्या आत घरात एक बाटली दिसता कामा नये. त्यांना कळलं ना, तर ते परत या घराची पायरी चढणार नाहीत. माझं माहेर तुटेल, सांगून ठेवते."

यात अतिशयोक्ती नव्हती. अप्पा साताऱ्याचे निवृत्त शाळामास्तर आणि व्यसनमुक्तीचे कट्टर प्रचारक. सख्ख्या भावाने लग्नात शॅम्पेन उडवली, तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. भाऊ वारला तेव्हा ते भेटायला गेले, पण बोलले नाहीत.

रविवारी दुपारी आम्ही तिघं, म्हणजे मी, कारखानीस आणि म्हात्रे, सतरंजीवर बसलो. प्रत्येकासमोर तीन स्टीलच्या वाट्या. मधे तोंड कोरं करायला चुरमुरे.

"हं," कारखानीस डोळे मिटून म्हणाला. "चिराइताची सुरुवात उग्र आहे. पण शेवट गंभीर आहे."

"तुम्हांला काय वाटतं, म्हात्रे?" मी विचारलं.

म्हात्रेने पहिली वाटी रिकामी केली. "कडू हाय." दुसरी केली. "ही पन कडू हाय." तिसरी केली. "ही कडू हाय, पन संत्र्याची हाय."

इतक्यात बेल वाजली. सुनंदाने दार उघडलं आणि तिथूनच किंचाळली, "अप्पा! तुम्ही आजच?"

"संध्याकाळी तुमच्या महिला मंडळात माझं व्याख्यान ठेवलंय ना! सोमवारचं आज केलं, असं मंडळाचं पत्र आलं. तुला नाही कळवलं?" अप्पा आत आले. धोतर, काळी टोपी, हातात पिशवी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, वाट्यांकडे पाहिलं, हवेत दोनदा वास घेतला. "हे काय चाललंय?"

मी तोंड उघडलं, पण त्यात चुरमुरे होते.

"काढा आहे, अप्पा," सुनंदा म्हणाली. "मूळव्याधीवरचा."

अप्पांनी आम्हां तिघांकडे करुणेने पाहिलं. "तिघांनाही?"

"बैठं काम हाय ना," म्हात्रे म्हणाला. तो दिवसभर पिंपं हलवायचा.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण अप्पांचा एक सिद्धान्त होता: जे कडू ते औषध, आणि जे औषध ते फुकट घालवायचं नाही. कारल्याचा रस ते पाण्यासारखा प्यायचे. ते सतरंजीवर बसले, माझी वाटी उचलली आणि घोट घेतला. सुनंदाने भिंतीला हात टेकला.

"चिराईत!" अप्पांचा चेहरा उजळला. "आणि सातू! वा! हल्ली कोण एवढं करतं घरी? जावईबापू, मी तुम्हांला ऐदी समजत होतो."

तेवढ्यात उन्हाने तापलेल्या एका बाटलीचं बूच तार तोडून उडालं आणि पंख्यावर आपटलं. फेस सतरंजीभर झाला.

"जोर आहे औषधात," अप्पा म्हणाले आणि वाटी पुढे केली.

"अप्पा, पुरे," सुनंदा म्हणाली. "उष्ण पडेल."

"काढा मात्रेने घ्यावा लागतो, सुनू. माझं पोट प्रवासाने धरलंय. ती मेथीची दे बघू."

त्यांनी तिन्हींची मात्रा घेतली, मग मेथीची पुन्हा घेतली. एवढ्या चोखंदळपणे चव घेणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. "चिराईत शिजलंय जास्त. मेथी उत्तम. संत्र्याचा प्रकार बायकांसाठी ठीक." कारखानीस जर्मनी विसरून त्यांच्याकडे आदराने पाहत होता. सुनंदा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अहो, व्याख्यान आहे त्यांचं! दारूबंदीवर! ते आता उभे राहतील का, तेवढं बघा!"

अप्पा उभे राहिले. नुसते उभे नाही राहिले, जिने उतरताना त्यांनी दोन मजल्यांवरच्या लोकांना व्याख्यानाचं आमंत्रण दिलं. एरवी त्यांचं व्याख्यान म्हणजे यकृताचा धडा असे. श्रोते जांभया देत आणि शेवटी अप्पा तक्त्यावरचं यकृत गुंडाळून ठेवत. त्या संध्याकाळी त्यांनी तक्ता उघडलाच नाही. इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, टेबल धरून, ते झाडासारखे डोलत बोलले.

"बंधूंनो, भगिनींनो! लोक म्हणतात, दारूने आनंद होतो. माझ्याकडे पाहा! साठी उलटली. सकाळी साताऱ्याहून निघालो. पण मला थकवा आहे? नाही! मला या क्षणी तुम्हां सगळ्यांबद्दल अपार प्रेम वाटतंय! त्या मागच्या रांगेतल्या गृहस्थांबद्दलसुद्धा! आणि पोटात काय आहे? एक थेंब नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे ते आपल्या मृत भावाबद्दल बोलले. "मी त्याच्याशी बोलायला हवं होतं," म्हणाले आणि रडले. महिला मंडळ रडलं. सुनंदा रडली, पण तिची कारणं वेगळी होती.

"आता शपथ!" अप्पा गरजले. "पहिला मान माझ्या जावयाचा! या, जावईबापू!"

मी वळून पाहिलं. कारखानीस सायकलींच्या आड गेला होता. म्हात्रे "भरती लागली, होडी बांधायची हाय" असं पुटपुटत पसार झाला होता. (त्याच्याकडे होडी नव्हती!) मी पुढे गेलो, तोंड अप्पांपासून जरा वळवून धरलं आणि सगळ्या इमारतीसमोर शपथ घेतली की जन्मात दारूला शिवणार नाही. अप्पांनी मला मिठी मारली. आमच्या दोघांच्या तोंडाला एकच वास येत होता, त्यामुळे कोणालाच काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट साफ झालं आणि माझं नशीब ठरलं. उरलेल्या मेथीच्या बाटल्या ते साताऱ्याला घेऊन गेले. मग निरोप आला: काढा संपला, आणखी पाठवावा. सुनंदाला मी म्हटलं, "आता खरं सांगून टाकू." ती म्हणाली, "साठी उलटलेल्या माणसाला सांगणार, की तुम्ही शपथ देताना प्यायलेले होतात? करा गुपचूप."

मी केला. अप्पा असेपर्यंत, वर्षानुवर्षं, दर मोसमात जवाला मोड आणले. माझा हात बसत गेला. कारखानीसच्या मते मेथीची बिअर जर्मनांनी तोंडात बोटं घालावी अशी झाली होती. 'कारखानीसच्या मते' म्हणतो, कारण मला ती चाखता येत नव्हती. शपथ सुनंदाच्या वडिलांसमोर घेतली होती आणि पहारा सुनंदाचा होता.

एकदा साताऱ्याला जेवणाआधी अप्पांनी स्वतःच्या हाताने पेला भरून माझ्यापुढे धरला. वर छान फेस आला होता. "घ्या जावईबापू, तुमचाच काढा. तुम्ही कधी घेताना दिसत नाही!"

मी सुनंदाकडे पाहिलं.

"त्यांना नको, अप्पा," ती म्हणाली. "त्यांना सोसत नाही."

"अरेरे," असं म्हणून अप्पांनी तो पेला सावकाश, चवीचवीने संपवला. मी समोर बसून ताक प्यायलो. तेही पातळ होतं.